उजवीकडून येणारा

६ ऑक्टोबर, सारला, फ्रान्स

भाड्याची गाडी ठीक आहे. लुसियँ शेजारी बसला, गिअरचा दांडा चाचपून म्हणाला, "क्लच नाही? ही गाडी आहे की लिफ्ट?" मग पट्टा ओढत – "आपली कधी मिळणार?"

मी म्हटलं, गिअरबॉक्सचा भाग यायचाय. नवऱ्याशी बोलताना आवाज जराही हलला नाही माझा. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी व्हरांड्यात उभं करायचे.

आपली गाडी गॅरेजमध्ये नाही. गेल्या महिन्यात विकली. लुसियँ न्हाव्याकडे गेला होता, तेवढ्यात गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं. गॅरेजवाल्या फिर्मँलाही मी खोटं बोलायला लावलं.

७ ऑक्टोबर

झोप लागली नाही. कारण एकदा लिहूनच टाकते.

ऑगस्टमध्ये, घरी लिमोजला, त्याने गल्लीतून गाडी काढली ती थेट पाववाल्याच्या व्हॅनवर. वर त्यालाच दटावलं – "मी उजवीकडून येत होतो. थांबायचं तू." नियमाने बरोबरच. उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. पण व्हॅन त्याला दिसलीच नव्हती, हे मला ठाऊक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाडी चालवणं बंद. हा म्हणाला, "बघू."

मी बघत बसले नाही. चूक केली असं वाटत नाही. मग तोंडावर का सांगितलं नाही?

उमेदीची सगळी वर्षं तो गुरांचा डॉक्टर म्हणून याच मुलखात गाडीने हिंडला. म्हणून ही सहल. सहल कसली – लाच.

८ ऑक्टोबर, डोम

गावाच्या तटावरून खाली नदी. लुसियँने विचारलं, "दोर्दोन्य आज कशी आहे?"

"हिरवी," मी नकाशातून डोकं वर न काढता म्हटलं.

"वरच्या अंगाला पाऊस झालाय. मातकट असणार."

मातकटच होती.

जेवताना सूप संपत आलं तशी त्याने वाडग्यात लाल वाइन ओतली आणि वाडगा तोंडाला लावून प्यायला, इथल्या शेतकऱ्यांसारखा. मी भुवई उचलली. "हेडबाई, सुट्टीत तरी वर्ग घेऊ नका," म्हणाला. वाढणारी मुलगी हसली. एरवी मी त्याला बोलले असते. आज पावाची टोपली त्याच्याकडे सरकवली.

९ ऑक्टोबर

पुन्हा तेच. "फिर्मँचा फोन?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाला.

१० ऑक्टोबर, मोंपाझिए

आज थोडक्यात वाचलो.

एका खेड्यातून जात होते. रस्ता सरळ, मोकळा. लुसियँची खिडकी उघडी. एकदम ओरडला – "उजवीकडे!" मी ब्रेक दाबला. भिंतीआडून अक्रोडांनी भरलेला ट्रॅक्टर बाहेर आला आणि नाकासमोरून गेला. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. का पाहावं? तो उजवीकडून येत होता.

"तुला दिसला?" मी विचारलं.

"मला काय दिसतंय? ऐकू आला. तू कुठे होतीस?"

कुठे होते! त्याला कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होते.

चौकातल्या कमानींखाली कॉफी घेतली. तोंड उघडलं आणि बिल मागवलं.

११ ऑक्टोबर, घरी

भाड्याची गाडी परत केली. काउंटरवरच्या मुलीने किल्ली मागितली. मी दिली. लुसियँने कोटाच्या खिशात हात घातला आणि आणखी एक किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. आपल्या गाडीची, जादाची. मी घरभर शोधलेली.

"ही त्या माणसाला पाठव. एकीवर त्याचं कसं भागेल?"

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"न्हाव्याची खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीला लागून आहे, ओदेत. त्या इंजिनाचा आवाज मी ओळखणार नाही?" मग – "थंडीत दुसरा गिअर अडतो तिचा. त्याला सांगितलंस ना?"

नाही. त्यालाही सांगितलं नव्हतं.