एकशे बाराव्या पानावरची चूक

वसतिगृह, खोली नं. ९
४ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली लहान आहे, पण खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं, त्यामुळे अगदीच एकटं वाटत नाही. वर्गात तेवीस जण आहेत आणि मी सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवशी दोघं मलाच बाई समजून उठून उभे राहिले. मीही क्षणभर त्यांना उभं राहू दिलं.

औषधांच्या कारखान्यात नऊ वर्षं पॅकिंग विभाग सांभाळला, पण अर्थशास्त्राचा 'अ' कधी गिरवला नाही. म्हणून व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या शिक्षणाआधी हा तीन महिन्यांचा पूर्वतयारी वर्ग. एप्रिलअखेर परीक्षा. पास झाले तर प्रवेश, नाहीतर पुन्हा पॅकिंग. मागणी, पुरवठा, सीमांत उपयोगिता... ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वही मिटली की पसार होतं.

तुमचा लेक जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आपण दोघं एकमेकांना जपत, कमी बोलत राहिलो. आता इथे आल्यावर तुमच्याशी बोलायचं बरंच साचलंय असं वाटतं. वेळेवर जेवा. लोभ आहेच, तो आता पत्रातूनही मिळू द्या.

आपली,
सून


१२ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या फक्त तीन चुका. प्रगती आहे.

वाचनालयात जाऊन तुझंच पुस्तक घेऊन आलो. ग्रंथपाल बाईंनी विचारलं की परीक्षा कोणाची, तर माझी म्हणून सांगितलं. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली. कायद्याची, शेतीची, पोटाच्या विकारांची किती पुस्तकं डोळ्यांखालून गेली, पण ती चुका शोधायला. समजून घ्यायला पुस्तक वाचायची ही पहिलीच वेळ. जड जातंय, पण रोज आठ पानं रेटतो. तूही तेवढीच रेट, म्हणजे आपण एकाच पानावर राहू.

यात म्हटलंय की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मिळाली की तिचं समाधान घटत जातं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मला तसा अनुभव आला नाही. सरांना विचारून ठेव.

इकडे सगळं ठीक. घर शांत आहे. खुशाली कळवत जा, मला दुसऱ्या कुठल्या टपालाची वाट नसते.

तुझा,
बाबा


२६ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, लांबण लावत नाही. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी अकरा मिळाले. पान एकशे बारावरची आकृती मी अगदी घोटून पाठ केली होती. मागणीची रेघ वर चढते, पुरवठ्याची खाली उतरते. तशीच काढली. सरांनी त्यावर लाल गोल करून लिहिलं की मूळ कल्पनाच उलटी आहे. वर्गात तेही सांगतात की किंमत वाढली की मागणी कमी होते, मग आकृती अशी का, हे काही मला उमगत नाही. बाकीचे कॉलेजात हे शिकून आलेत, ते पुस्तक उघडतसुद्धा नाहीत. पंचविशीच्या पोरांसमोर हात वर करून विचारायची मला लाज वाटते.

कारखान्यातली जागा मार्चअखेरपर्यंत माझ्यासाठी ठेवणार आहेत. पुढच्या शनिवारी परत यावं म्हणते. माझ्या वयाला हे झेपणारं नाही, बाबा. रागावू नका.

आपली,
सून


२ मार्च

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

शनिवारी येऊ नकोस.

अक्षर वाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवीन आहे, ते अजून माझं ऐकत नाही.

पान एकशे बारावर मीही तीन दिवस अडलो होतो. आपलंच डोकं म्हातारं झालं म्हणून गप्प बसलो. तुझं पत्र आल्यावर मात्र उठलो, कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो आणि बेकरीवालीला विचारलं की पाव महागला की लोक जास्त नेतात की कमी. तिने मला नीट न्याहाळलं, कमी नेतात म्हणाली, आणि वर मला बरं वाटतंय ना, असंही विचारलं. घरी येऊन पुढचा मजकूर पुन्हा वाचला. मजकूर बरोबर आहे. आकृतीतली दोन नावं उलटी छापली आहेत! 'मागणी'च्या जागी 'पुरवठा', 'पुरवठ्या'च्या जागी 'मागणी'. कुणीतरी डुलक्या काढत प्रुफं तपासली आणि त्याची शिक्षा तुला झाली.

तुझं डोकं सुलटच आहे. दुरुस्त आकृती काढून सोबत पाठवतो. पुस्तक घेऊन सरांकडे जा आणि सगळ्यांसमोर विचार. छापलेलं सगळं खरं नसतं, हे तुला घरातल्या घरात शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं.

तुझा,
बाबा


२० मार्च

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

बाबांनी तुला कळवायचं नाही अशी तंबी दिली आहे, म्हणून लगेच कळवते.

फेब्रुवारीच्या शेवटी ते न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. तुला मार्चमध्ये आलेलं पत्र त्यांनी डाव्या हाताने लिहिलं, अख्खी दुपार बसून. आकृती तीनदा काढली. मी काढून देते म्हटलं, तर लेकी, रेघ तुझ्या हातची आहे हे ती लगेच ओळखेल, म्हणाले.

मी त्यांना माझ्याकडे चला म्हणून विनवून थकले. कारण काय देतात माहीत आहे? तुझी पत्रं या पत्त्यावर येतात, आणि पत्ता बदलला की एखादं चुकेल. दादा गेल्यावर ते वर्षभर कुणाशी धड बोलले नव्हते. आता पोस्टमनलाही थांबवून मागणी-पुरवठा समजावतात. तू परत ये असं मी म्हणत नाही. पण मी काय करू, तेवढं सांग.

तुझी,
धाकटी नणंद


६ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पास झाले. पन्नासपैकी एक्केचाळीस. प्रवेश मिळाला.

मार्चमध्ये धाकटीने तुमच्या हाताचं कळवलं. बॅग भरून दारापर्यंत गेले होते. मग टेबलावरची तुमची आकृती दिसली. मी निघून आले असते तर ती दुपार वाया गेली असती. म्हणून परत बसले. तुम्ही लपवलंत, मग मीही मला माहीत असल्याचं लपवलं. आता फिटंफाट. पण पुन्हा असं केलंत तर मी खरंच रागावेन.

सरांनी सगळ्या वर्गाची पुस्तकं उघडायला लावून ती नावं पेनाने दुरुस्त करून घेतली. चूक कुणी पकडली असं विचारल्यावर मी सांगितलं, माझ्या वडिलांनी.

शिंप्याच्या दुकानामागे तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. एकीत सकाळचं ऊन येतं. दोन वर्षांसाठी तुम्ही इथे या. तुम्हाला सांभाळायला बोलावत नाही, बाबा. निकाल हातात पडला तेव्हा मी सांगायला म्हणून मागे वळले, आणि खोलीत कुणीच नव्हतं. मला तुमच्या लेकाला सांगायचं होतं. त्याला सांगण्यासारखं जे काही आहे, ते आता मला फक्त तुमच्यापाशी बोलता येतं. मला तुमची गरज आहे.

उत्तराची वाट बघते.

आपली,
सून


१४ मे

चि. सूनबाईस,
अनेक अनेक आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. हे अक्षर उजव्या हाताचं आहे, खात्री करून घे.

तुझ्या मायन्यातला 'स्व.' या वेळी गळलाय. तीर्थस्वरूप म्हणजे वडिलांसारखा, तीर्थरूप म्हणजे वडील. गळलेल्या अक्षरांवर खुणा करण्यात माझा जन्म गेला, पण या ठिकाणी पेन टेकवलं नाही. छापायला जाऊ दे तसंच.

खरं सांगतो, आधी तुला नकाराची दोन पत्रं लिहिली. त्याचे बूट अजून पलंगाखाली आहेत. ते सोडून कसं निघायचं, एवढंच मनात येत होतं. तीन वर्षं मी त्याचं नाव काढलं नाही, कारण तुला त्रास होईल. तूही काढलं नाहीस, बहुतेक त्याच कारणाने. केवढा वेळ घालवला आपण. परवा धाकटीसमोर मी त्याच्याबद्दल बोलायला लागलो, ते दिवे लागेपर्यंत. ती रडली, मीही रडलो, आणि मग दोघं पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी बूट पुसून पेटीत ठेवले. बरोबर आणतोय. दोन खोल्यांत त्यांना जागा होईल ना?

घराची किल्ली धाकटीकडे देतोय. वाचनालयाचं पुस्तक परत केलं, एकशे बारावं पान दुरुस्त करून. ग्रंथपाल बाई पुस्तकात लिहिलं म्हणून रागावल्या, मग वाचून हसल्या.

लोभ आहेच, आता तो टपालाशिवाय मिळावा.

गुरुवारी दुपारी दोनच्या बसने पोचतो. घ्यायला येऊ नकोस, माझा मी येईन, असं लिहिणार होतो. पण ये.

तुझा,
बाबा