माझं स्पायडरवर्ट फुलत नाही

३ मार्च
निर्णय पक्का. उद्यापासून बागकाम. विमा एजंटच्या आयुष्यात निसर्ग हवाच. नेटवर बराच अभ्यास केला. स्पायडरवर्ट हे झाड माझ्या स्वभावाला अगदी जुळतं. चिवट, कष्टाळू, कुरकुर नाही. हिला सांगितलं. ही शाळेतल्या वह्या तपासत होती. हसली. कौतुकाने असावं.

४ मार्च, दुपार
सकाळीच नर्सरीत जाणार होतो. पण झोप अपुरी राहिली की निवड चुकते. आत्ता जाऊन स्पायडरवर्टचे तीन प्रकार आणले. चंदेरी पट्ट्यांचं लोंबतं झाड बेडरूमला, जांभळ्या पानांचं खिडकीत, निळ्या फुलांचं मागच्या अंगणात. नर्सरीवाला ऊन-पाणी समजावायला लागला. म्हटलं, अभ्यास झालाय.

२५ मार्च
पट्टेवाल्याचे पट्टे उडाले. नर्सरीवाल्याला फोन. तो म्हणतो, उजेड द्या. उजेडात मला झोप लागत नाही, पडदे कसे उघडू? म्हटलं, झाड आहे की कपडा, रंग उडायला? फोन ठेवला त्याने. सत्य बोचतं.
अंगणातल्याला कळ्या ढीगभर, फूल एक नाही. रोज जेवण झाल्यावर जातीने बघतो.

२८ मार्च
आई म्हणते, आज किती फुलं आली होती! वयोमानाने भास होतात. तिला हो हो म्हटलं. मन मोठं पाहिजे.

३० मार्च
आता हीसुद्धा! म्हणे, निळीशार फुलं असतात, तिथेच बसून मी सकाळचा चहा घेते. अहो, एक दिवस तुम्हीही या की.
घरात माझ्याविरुद्ध गट तयार झालाय.

२ एप्रिल
संध्याकाळी नर्सरीवाल्याला घरी बोलावून पुरावा दाखवला. म्हणाला, साहेब, ही फुलं सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. मी ताडकन विचारलं, मग तुम्ही मला झाड विकलंत की अर्धा दिवस?
आईने दिलेला चहा पिऊन, पांढऱ्या फुलांचं आणखी एक रोप मला विकून गेला. चांगलाच वचकला.

३ एप्रिल
उद्या पहाटे उठणार म्हणजे उठणार. तीन गजर लावलेत.

४ एप्रिल, दुपार
एकही गजर वाजला नाही. ही म्हणते, तिन्ही वाजले, शेजारचे काका उठून बसले. काका कुंपणावरून म्हणाले, काय सुंदर फुलं हो तुमची! म्हणजे तेही सामील.

५ एप्रिल
तोडगा सापडला! पहाटे झाडावर बादली पालथी घालायची, दुपारी काढायची. झाडाला वाटेल, आत्ताच उजाडलं. बादली घालायचं काम हिला दिलं. हिने विचारलं, म्हणजे तुम्हाला उठायला नको म्हणून मी उठून झाडाला झोपवायचं? मुद्दा नेमका पकडला. पण नाही म्हणाली.
आई म्हणाली, जाऊ दे गं, जन्मलासुद्धा दुपारीच.

९ एप्रिल
चार दिवस झाले, ही चहाला या म्हणत नाही. सुटलो.
छातीत जरा जड वाटतंय. पित्त असावं.

१० एप्रिल
चांगलंच जड वाटतंय. पित्ताची गोळी घेतली, फरक नाही. उद्या उठायचं. कोणाला सांगायचं नाही.

११ एप्रिल
उठलो! खरंच उठलो! घर झोपलेलं. अंगणात खुर्ची टाकून झाडासमोर बसलो. कळ्या अजून मिटलेल्या. ही आली की काय चेहरा होईल तिचा! तेवढ्यात डोळ्यांना क्षणभर विश्रांती दिली.
जाग आली तेव्हा डोक्यावर छत्री बांधलेली होती. ऊन लागू नये म्हणून. फुलं मिटलेली. बाजूच्या स्टुलावर बशी झाकून ठेवलेला चहा.
फोन बघितला. हिने घरच्यांच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. मागे निळी फुलंच फुलं. ही कप हातात धरून हसतेय. शेजारी मी, तोंड उघडं. हिने लिहिलंय, आज आम्ही दोघं चहाला.
खाली माझ्या मेव्हणीने लिहिलंय, ताई, सगळी उमलली की गं, भाऊजी तेवढे मिटलेले.
सत्तावीस जणांना आवडलंय. त्यात नर्सरीवाला आहे. त्याला ग्रुपमध्ये कोणी घेतलं?
साय बाजूला करून चहा प्यायलो. गार होता. सगळा प्यायलो.