तेराव्याच्या पंगतीआधी दोन चमचे रक्त

तंजावूर, पापनाशम, तिरुवैयारु आणि कालव्यांकाठच्या खेड्यांत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतील सर्वांस,

आपल्या सगळ्यांची एक तक्रार आहे, आणि ती आपण कधी एकत्र बसून केलेली नाही. आपल्याला आपल्याच आजाराचे नाव कोणी सांगत नाही. डॉक्टर घरातल्या कर्त्या पुरुषाला व्हरांड्यात नेऊन सांगतो. तो आल्यागेल्याला ‘कावीळ आहे’ म्हणून सांगतो. बायका दृष्ट काढतात. ज्याचे रक्त बिघडले आहे त्याला मात्र सगळ्यांची तोंडे पाहून अंदाज करावा लागतो. तुमच्यातले किती जण असे अंदाज करत गेले, ते तुम्हाला माहीत आहे. मला निदान पाच माहीत आहेत.

मी, सीतालक्ष्मी, कै. वेंकटराव यांची थोरली मुलगी, वय त्रेसष्ट, अविवाहित, इतिहासाची निवृत्त शिक्षिका, राहणार तंजावूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर अनेकांच्या नको म्हणण्यावरून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी अर्धा तास वाद घालून पाहावा. नोंदणी कार्यालयासाठी याची तमिळ प्रत वेगळी केली आहे. ही प्रत तुमच्यासाठी आहे. आपल्यात देवनागरी वाचणारे फार थोडे उरले, म्हणून ही मोठ्याने वाचावी.

१. माझा आजार. त्याचे नाव दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. तीन वर्षांपूर्वी तो माझा भाऊ शेषाद्री याला सांगण्यात आला, मला नाही. सहा महिने मी ‘रक्त कमी आहे’ म्हणून बीट खाल्ले. मग गोळ्यांच्या डबीवरचे नाव उतरवून घेतले आणि वाचनालयात जाऊन ग्रंथ काढला. त्यात लिहिले होते की माझ्या पेशींतल्या नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलून घेतले आहेत. हे कोणाच्या पापाने होत नाही, ग्रहाने होत नाही, शिवल्याने पसरत नाही आणि माझ्या आजारामुळे माझ्या भाचीच्या अंगातही येत नाही. हे वाक्य दोनदा वाचावे.

२. राहते घर. हे मी डॉ. भुवनेश्वरी यांच्या संशोधनाला देते. ही बाई मद्रासच्या एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगावर काम करते. जी घराणी पिढ्यानपिढ्या आपसांतच लग्ने करत आली, त्यांच्या ऊतींचे गट ती तपासते. तीनशे वर्षे आपण मामाला भाची आणि आत्येच्या मुलाला मामाची मुलगी देत आलो. त्याबद्दल आपल्याला मागासलेले म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही व्यासपीठावरून म्हटले आहे. डॉक्टर म्हणाली, “मॅडम, शिव्या नंतर द्या. मज्जा बदलायची वेळ आली तर जुळणारा माणूस तुम्हाला बाहेर सापडणार नाही. तो तुमच्याच शेदीडशे घरांत कुठेतरी वरणभात खात बसला असेल.” माझ्या वयाला मज्जारोपण करत नाहीत. तरी त्या दिवसापासून मी तिची कार्यकर्ती झाले. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत नमुने घेण्याची सोय व्हावी. मागच्या खोल्यांत बाहेरगावच्या रुग्णांनी उतरावे. चूल कोणाचीही चालेल. जात विचारणाऱ्याला बाहेर काढावे.

३. पापनाशमची भाताची जमीन, माझा अर्धा हिस्सा. विकावी, आणि तपासणीची द्रव्ये मागवावीत. बाजार खुला झाला म्हणतात. आपल्या बसस्टँडवर परदेशी शीतपेय बर्फात मिळते, पण तपासणीचे हे सीरम मागवले तर कुठल्याशा गोदामात कागदाची वाट पाहत उन्हात नासते. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली म्हणून येत्या शुक्रवारी झेंडा लावाल, तेव्हा याचाही जाब विचारा.

४. माझा देह. प्राण गेल्यावर तासाभरात डॉक्टरांना फोन करावा. त्यांना हवे ते अस्थिमज्जेचे आणि प्लीहेचे तुकडे घेऊ द्यावेत. मग खुशाल जाळावे. शेषाद्री म्हणाला, “अक्का, देह अपुरा गेला तर पुढे कसं ग?” मी म्हटले, “अक्कलदाढा गेल्या, पित्ताशय गेलं, तेव्हा विचारलंस का?” माझे नमुने कोणत्याही कंपनीला विकू नयेत. त्यांतून जे कळेल ते आधी तुम्हाला, तुमच्या भाषेत सांगावे. डॉक्टरने तसे लिहून दिले आहे.

५. शेषाद्रीविषयी. इथे मला एक जुना हिशेब नव्हे, ताजा गुन्हा लिहायचा आहे. मार्च महिन्यात डॉक्टरने आमच्या घराण्यातल्या अकरा जणांचे रक्त मागितले. शेषाद्रीची मुलगी जयश्री हिची सोयरीक बंगळूरच्या नितीनशी ठरत होती. शेषाद्रीला वाटले, तपासणीत आपल्या रक्तात काही दोष निघाला तर सोयरीक मोडेल. आणि यादीत नाव नसले तर मी गप्प बसणार नाही, हेही त्याला ठाऊक. म्हणून त्याने आपल्या भातगिरणीतला कारकून सुंदर याला आपल्या नावाने सुई टोचून घ्यायला पाठवले.

आठवड्याने डॉक्टर स्वतः आली. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, “तुमच्या वडिलांचा रक्तगट जुन्या कागदांत ओ आहे. तुमच्या भावाचा एबी. ओ गटाच्या बापाला एबी गटाचं मूल होत नाही. त्यांना दत्तक घेतलं होतं का?”

मी तोच प्रश्न जेवणाच्या वेळी सर्वांदेखत विचारला. माझी भावजय धनलक्ष्मी हिच्या हातून रसमाचे भांडे सुटले. “अय्यो! देवाघरी गेलेल्या सासूबाईंवर असा आळ? अक्का, जीभ कशी रेटली?”

“जीभ माझी नाही, प्रयोगशाळेची आहे,” मी म्हटले.

शेषाद्री पानावरून उठेना आणि घासही उचलेना. तेवढ्यात गिरणीच्या किल्ल्या द्यायला सुंदर दारात आला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो पन्नाशीचा सरळ गृहस्थ. म्हणाला, “मला काय बघता अम्मा? साहेब म्हणाले जा, गेलो. रक्त घेतलं, कॉफी दिली. पुन्हा जायचं असलं तर आज नको, एकादशी आहे.”

घराण्याची अब्रू झाकायला निघालेल्या माझ्या भावाने सख्ख्या आईची अब्रू चव्हाट्यावर आणली होती. ती वाचवायला त्याला दुसऱ्याच दिवशी स्वतःचा दंड पुढे करावा लागला. त्याचा गट ओ निघाला. आई सुटली. शेषाद्रीला मी माफ केले आहे, पण विसरले नाही. त्याला जमिनीतले काही मिळणार नाही. माझी आरामखुर्ची मिळेल. तिच्यात बसून विचार करावा.

६. जयश्रीस. माझी दोन कपाटे पुस्तके आणि सभांत वापरलेला हातातला कर्णा. तो तिने वापरावा. तिने नितीनला स्वतः फोन करून सगळे सांगितले. तो म्हणाला, “सुई बारीक असते ना? मग मीही देतो.” त्याच्या आईचा निरोप अजून आलेला नाही. न आला तरी पोरीच्या आवाजात मला कंप ऐकू आला नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील.

७. सुंदरला माझी सायकल. त्याचा नमुना खोट्या नावाने गेला होता. आता खऱ्या नावाने, त्याच्या परवानगीने, ठेवला आहे.

८. कृष्णवेणी. हे कलम सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून शेवटाकडे ठेवले. तोवर उठून जाणारे उठून जातात.

पापनाशमची ही मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिची आई आमची चुलत बहीण, वडील त्या बहिणीचेच सख्खे मामा. भावंड नाही. तिला तीव्र ल्युकेमिया आहे. घरचे तुम्हाला ‘आतड्यांचा त्रास’ म्हणून सांगतात, आणि तुम्ही मान डोलावता, कारण उद्या तुम्हालाही तसेच सांगायचे असते. औषधांच्या दुसऱ्या फेरीनंतर रोग दबला आहे, गेलेला नाही. पुन्हा उसळण्याआधी दुसऱ्याची मज्जा मिळाली तर ती जगू शकते. नक्की जगेल असे डॉक्टर म्हणत नाही. मिळाली नाही तर काय होईल, ते नक्की म्हणते. आमचे अकरा नमुने तिच्याशी ताडून पाहिले. एकही जुळला नाही.

तिच्या आईवडिलांनी मला हात जोडले की नाव लिहू नकोस. मी कृष्णवेणीलाच विचारले. डोक्यावरचा रुमाल सारखा करत ती म्हणाली, “लिही मावशी. माझं लग्न मोडेल म्हणून मला मारू नका म्हणावं.” नंतर म्हणाली, “आणि चांगलं लिही. तू भाषणात फार ओरडतेस.”

म्हणून ओरडत नाही. नुसते लिहिते.

९. माझे तेरावे. पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले होते: तेराव्या दिवशी आपली सगळी घरे जेवायला येतात, ज्यांचे एकमेकांशी बोलणे नाही तीही येतात. त्या दिवशी दारात डॉक्टर बसेल. दंड पुढे करून दोन चमचे रक्त दिल्याशिवाय कोणाला पान वाढू नये. मला ही युक्ती फार आवडली होती. मुकाट्याने जेवून जाणाऱ्यांना मी मेल्यावर गाठणार होते.

काल डॉक्टरला मसुदा दाखवला. ती हसली नाही. तिने विचारले, “तुम्ही कधी मरणार आहात?” माझ्या गोळ्या अजून लागू पडत आहेत. मी वर्षभर काढीन, कदाचित दोन. कृष्णवेणीजवळ तीन महिने आहेत.

म्हणून हे कलम मी माझ्या हाताने रद्द करते. तेराव्याला कोणालाही जेवू घालू नये, त्या दिवशी घर बंद ठेवावे. आणि हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता, सही होताच, मी आज तुम्हाला तोंडाने वाचून दाखवते. वाटणी कळेल म्हणून तुम्ही सगळे वेळेवर आलात, त्याबद्दल आभारी आहे.

यापूर्वी माझ्या हातचे दुसरे कोणतेही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावे.

सही: सीतालक्ष्मी

साक्षीदार (आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली, आणि आम्हाला यात काही मिळणार नाही):
१. वेंकटरमण राव, निवृत्त पोस्टमास्तर, तंजावूर
२. राजलक्ष्मी, संगीतशिक्षिका, तिरुवैयारु

तंजावूर, रविवार, १० ऑगस्ट १९९७

सहीखाली लिहिलेले कायद्यात बसत नाही, असे वकील म्हणतो. न बसो. येत्या रविवारी, सतरा तारखेला, सकाळी नऊ वाजता डॉ. भुवनेश्वरी याच घराच्या पुढच्या खोलीत बसतील. उपाशी यायची गरज नाही. अठरा ते पन्नास वयाच्या प्रत्येकाने स्वतः यावे, स्वतःच्या नावाने यावे, आणि कृष्णवेणीसाठी दंड पुढे करावा.