उजव्या कुशीवर

प्रिय त्रायान,

पत्र हाताने लिहिलंय आणि आजच स्वतः तुझ्या दारात टाकतेय म्हणून हसू नकोस. टाइप केलेलं तू वाचत नाहीस, तुझी सेक्रेटरी वाचते, आणि तिने वाचावं असं यात काही नाही. एवढंच कर, बसून वाच. आणि वाचून होईपर्यंत कुठलाही जिना चढू नकोस. का, ते शेवटी कळेल.

मंगळवारी तू माझ्या खोलीत शिरलास तेव्हा वाटलं, पुन्हा कुठल्या तरी कागदावर सही हवी असणार. गेली वीस वर्षं तू माझ्याकडे सहीसाठीच येतोस. पण तू दार लावून घेतलंस, कोट खुर्चीवर टाकलास आणि म्हणालास, "स्मारांदा, माझा पण इको काढ बघू. कोपोउ टेकडीच्या चढावर दम लागतो हल्ली. पण बोभाटा नको हं, रजिस्टरमध्ये नाव नको." मला नवल वाटलं नाही. त्या चढावर मधेच थांबून तू मोबाइल बघितल्याचं नाटक करतोस, ते मी एप्रिलपासून बघतेय. तू न सांगता डाव्या कुशीवर वळलास, मी प्रोब लावला, आणि झडपेतून सुटणाऱ्या रक्ताचा वेग आला तीन पूर्णांक एक. तुझी मान लगेच पडद्याकडे वळली. "तीन! धोका चारच्या पुढे, म्हणजे अजून पाच वर्षं बिनघोर. बघ, स्वतःच्या झडपेलासुद्धा शिस्त लावलीय मी!" हसत हसत शर्टाची बटणं चुकीची लावलीस, रिपोर्ट चार घड्या करून खिशात घातलास आणि निघालास. पुढच्या शनिवारी बुखारेस्टला तुझा सत्कार आहे ना, चाळीस वर्षांच्या संशोधनाचा. तेवढी एक काळजी मिटली तुझी.

चाळीस वर्षं! त्यातली पहिली पंधरा मी कुणाजवळही नाकारणार नाही. आठवतं का, फुगे संपायचे तेव्हा वापरलेले फुगे धुवून, निर्जंतुक करून पुन्हा वापरायचो आपण. एका फुग्यावर चार-चार माणसांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडल्यास तू, आणि पाचव्या वेळी तो फुटला तेव्हा स्वतः जाऊन रुग्णाच्या बायकोला खरं सांगितलंस. "फुगा जुना होता, बाई. चूक माझी." ती तुला मारायला धावली होती. त्या दिवशी मी तुझ्या प्रेमात पडले, खोटं कशाला बोलू? तातारश वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत आपण आठ वर्षं राहिलो, थंडीत गॅसवर वीट तापवून पायाशी घ्यायचो, आणि लग्न करायचं राहूनच गेलं, कारण तुझा पुढचा शोधनिबंध नेहमी आधी यायचा. मी थांबले. माझ्यासारखी बावळट दुसरी नाही. तू रक्तवाहिन्यांवरून झडपांकडे वळलास, छाती न उघडता मांडीतल्या धमनीतून नवी झडप बसवायला लागलास, आणि पहिली म्हातारी तिसऱ्या दिवशी चालत घरी गेली तेव्हा मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडले होते.

मग ती बासष्ट माणसांची पाहणी आली. नवीन जातीची झडप, पाच वर्षं टिकते की नाही ते बघायचं. तुझं नाव सगळीकडे झालं ते तिच्यामुळे, आणि माझं तोंड बंद झालं तेही तिच्यामुळेच. नियमावली तू लिहिलीस: प्रत्येकाला डाव्या कुशीवर झोपवायचं, हृदयाच्या टोकाशी एकाच जागेवरून मोजायचं, म्हणजे सगळ्यांची तुलना सारखी. ऐकायला किती छान! पण हे काम चाळीस वर्षं मी केलंय, तू नाही. रक्ताचा झोत वाकडा सुटला की त्या जागेवरून निम्माच दिसतो. माणसाला उजव्या कुशीवर वळवून, छातीच्या हाडाच्या उजवीकडे प्रोब रुतवून बघावं लागतं. रुग्ण कुरकुरतो, आपली पाठ मोडते, दहा मिनिटं जास्त जातात, पण खरा आकडा तिथे मिळतो. आपल्या गुरूंनी आपल्याला हेच शिकवलं होतं. तुलाही.

नेकुलाय तुला आठवणार नाही. तुझ्या लेखी तो सतरा नंबर. पाश्कानीच्या रेल्वे कारखान्यातला निवृत्त फिटर, हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे टणक, आणि झोपवलं की लाजायचा. झडप बसवून तीन वर्षं झाली होती आणि दम परत लागायला लागला होता. डावीकडून आकडा दोन पूर्णांक आठ. मला पटेना. म्हटलं, काका, जरा उजवीकडे वळा. वळला बिचारा. चार पूर्णांक चार! यंत्राचा आवाज असा चढला की त्यालाही ऐकू गेला. म्हणाला, "काय हो डॉक्टरीणबाई, आत इंजिन बसवलंय का कुणी?" मी हसले नाही. झडप कडक झाली होती, तिसऱ्याच वर्षी. मी तसा रिपोर्ट लिहून तुझ्या टेबलावर ठेवला.

तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. चष्मा काढून, अगदी प्रेमाने म्हणालास, "बये, एकासाठी नियम मोडलास तर बासष्टांची तुलना बोंबलली. नियमावलीत जे नाही ते मोजायचं नाही. त्याच्या फुप्फुसांची वाट लागलीय, जन्मभर लोखंडाची धूळ खाल्लीय त्याने." आणि माझ्याच हातात रिपोर्ट दिलास, फाडायला. तो मी फाडला, त्रायान. दुसरा लिहिला, दोन पूर्णांक आठचा, आणि खाली सही केली. नोकरीची भीती होती का? नव्हती. तू मला पुन्हा "बये" म्हणालास, एवढंच. इतकी स्वस्त होते मी. पाच महिन्यांनी नेकुलाय स्टेशनवरच्या पुलाच्या पायऱ्या चढताना पडला आणि गेला. पाहणीत लिहिलं: मृत्यू, कारण फुप्फुसं. तुझ्या निबंधात छापून आलं की पाच वर्षांत एकही झडप कडक झाली नाही.

चाळीस दिवस झाले आणि त्याची बायको आग्लाया माझ्या दारात उभी. पाश्कानीहून पहाटेच्या गाडीने आलेली, डोक्याला काळा रुमाल, हातात कॉफीचा एक नवा मग, त्यावर वेणी घातलेल्या गोल पावाचा पोळपाटाएवढा कोलाक, कोलाकात खोचलेली मेणबत्ती आणि एक टॉवेल. मृताच्या नावाने दान. म्हणाली, "त्याला तुम्ही फार आवडायचात. गावात पुष्कळांना दिलं, पण तुम्हाला द्यायलाच हवं." आपल्यात अशा वेळी काय म्हणायचं असतं ते तुला माहीत आहे. बोगदाप्रोस्ते, देव त्याच्या पापांची क्षमा करो. मी म्हटलं. पाप माझं आणि क्षमा मागायची त्याच्यासाठी! त्यानंतर दर वर्षश्राद्धाला ती आली, एकही चुकवलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात मगांची रांग लागली. त्यांत मी कधी कॉफी प्यायले नाही. तुला एकदा मी सांगायला गेले होते, तर म्हणालास, "अगं, मग फुकट मिळतायत, तक्रार कसली?" त्या दिवशी अंगाचा तिळपापड झाला माझ्या, पण तोंडात मिठाची गुळणी धरून बसले ती बसलेच.

परवा शुक्रवारी ती सातव्या वर्षाचा मग घेऊन आली. सात वर्षांनंतर आपण श्राद्ध घालत नाही, म्हणजे ही शेवटची खेप. तिला मी बसवलं, चहा दिला. ती कप दोन्ही हातांत धरून बसली, पीत नव्हती. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाई, एक विचारू? तुम्ही त्याला त्या दिवशी उजवीकडे वळवलं होतंत. घरी येऊन त्याने सांगितलं मला. म्हणाला, तिकडून आवाज मोठा आला आणि बाईंचा चेहरा उतरला. मग रिपोर्ट चांगला कसा आला, असं तो म्हणत राहिला, शेवटपर्यंत. मी दर वर्षी येते ती म्हणूनच. म्हटलं, कधीतरी तुम्ही आपण होऊन सांगाल." तिचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. सात वर्षं, त्रायान! ती माझ्याकडे दान घेऊन येत होती आणि उत्तराची वाट बघत होती, आणि मी तिच्यापुढे बोगदाप्रोस्ते म्हणत होते.

मी सांगितलं. सगळं, आकड्यांसकट, फाडलेल्या कागदासकट. तुझं नाव घेतलं, माझं आधी घेतलं. ती उठली, रुमाल नीट बांधला आणि आणलेला तो मग उचलून परत पिशवीत ठेवला. म्हणाली, "हा तुम्हाला नाही द्यायचा." गेली. मागचे सगळे मग अजून फळीवर आहेत, आता ते धुवून पुसून तिला पोचते करायचे.

नेकुलाय गेल्यावरही तुझ्या त्या बासष्टांपैकी जे जे तपासणीला येत, त्यांना मी शेवटी गुपचूप उजवीकडे वळवत असे. रिपोर्टात लिहिण्याची हिंमत नव्हती, पण चित्रं जपून ठेवली. काल ती सगळी तुझा निबंध छापणाऱ्या मासिकाकडे पाठवली, माझ्या खोट्या सहीच्या कबुलीसकट. जे तेवीस जण जिवंत आहेत त्यांना आज सकाळपासून एकेक करून फोन करतेय. नोकरी जाईल, जाऊ दे. तुझा सत्कार होईल की नाही ते मला माहीत नाही आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. मंगळवारी तू शर्ट घालायला उठलास तेव्हा माझा हात तुझ्या खांद्यावर होता, उजवीकडे वळवायला. मी तो काढून घेतला. तुझी झडप पडद्यावर जेमतेम हलताना मला दिसत होती, तो आकडा खोटा आहे हे मला कळत होतं, आणि मनात म्हटलं, घे, तुझ्याच नियमावलीप्रमाणे घे. तीन दिवस मला त्याचा आनंद होत होता. खरंच होत होता, लाज सोडून सांगते. तुझ्या खिशातला तो रिपोर्ट नेकुलायचाच आहे, फक्त नाव बदललंय. तो फाड. बुखारेस्टला जाऊ नकोस, कोपोउला पायी जाऊ नकोस, पिशवी उचलू नकोस. उद्या सोमवारी सकाळी आठला ये, बाकीच्यांच्या आधी. आल्यावर डावीकडे वळायची सवय आहे तुला, ती विसर. मी तुला उजव्या कुशीवर झोपवणार आहे, आणि जो आकडा येईल तो मोठ्याने वाचणार आहे.

तुझीच,
स्मारांदा