आदर्श डबा

४ मार्च, सोमवार
सकाळी कारखाना. ॲसिड विभाग पाहिला. संध्याकाळी घरी. स्वयंपाक स्वतः केला.
किळस आली आज. एका कामगाराने ॲसिडच्या हातमोज्यानेच कपाळाचा घाम पुसला. दुसरा तोच मोजा घालून डबा उघडत होता. मोजा आतूनही ओला, चिकट. शुक्रवारी सगळ्यांना सेफ्टी ट्रेनिंग देणार, आणि या वेळी कडक. मुकादम म्हणाला, साहेब, मागच्या वेळी अर्धे झोपले होते, उशा आणायला सांगू का. दुर्लक्ष केलं.
मुलीचा फोन. आई गेल्यापासून तुम्ही काय खाता देव जाणे, रविवारी येते आणि तुम्हाला इकडेच घेऊन येते, म्हणाली. माझं उत्तम चाललंय, असं सांगितलं. चाललंच आहे. मीठ संपलं होतं, तर मागच्या फळीवर हिने भरून ठेवलेली बरणी सापडली. बाजारात जावंसुद्धा लागलं नाही.

५ मार्च
घेवड्याचा लगदा. चव साबणाची, रंग मात्र हिरवागार. भाजीवाला रंग लावतो, उघड आहे. शिसारी आली तरी संपवली. अन्न टाकलेलं हिला आवडायचं नाही.
ट्रेनिंगचा पहिला मुद्दा लिहिला : नाव नसलेल्या डब्यातलं काही वापरायचं नाही, डबा सरळ फेकायचा.

६ मार्च
पोट बिघडलं. भाजीवाल्याला सुनावलं. म्हणाला, काका, रंग लावायला परवडायला नको का. निर्लज्ज. दुसऱ्याकडून बटाटे घेतले. त्यांनाही साबण. दोघे भाऊ असणार.
मुलगी म्हणाली, बाबा, आवाज खोल गेलाय. फोन खराब आहे म्हणालो.

७ मार्च, गुरुवार
प्रात्यक्षिक ठरलं. ओली पीएच पट्टी डब्यातल्या भाजीला लावायची. ॲसिड असेल तर लाल, सोड्यासारखं काही असेल तर निळी. एक जेवणाचा डबा ॲसिड विभागातल्या कामगाराचा, एक माझा. त्यांची पट्टी लाल होईल, माझी आहे तशीच राहील. फोटो मुलीला पाठवीन. रविवारचा विषयच संपेल.

८ मार्च
सगळे जागे होते.
त्यांच्या डब्यावर पट्टी आहे तशीच. माझ्या डब्यावर निळी. पट्टी जुनी असेल म्हणून दुसरी लावली. निळी. मुकादम म्हणाला, साहेब, ही भाजी जेवायची की हिच्यात कपडे भिजवायचे. हशा. मग त्यानेच विचारलं, मीठ कुठल्या बरणीतलं, वर काय लिहिलंय. काही नाही, म्हणालो. बरण्या ही भरायची, तिला माहीत असायचं.
कोणी हसेना. हसले असते तर बरं झालं असतं.

९ मार्च, शनिवार
बरणीतल्या मिठाला ओली पट्टी लावली, गडद निळी. धुण्याचा सोडा.
मागच्या फळीवर पांढऱ्या पुडीच्या आणखी बरण्या आहेत. एकीवरही नाव नाही. नियमाप्रमाणे फेकायला हव्यात. पुढच्या आठवड्यात फेकीन.
मुलीला आपण होऊन फोन केला. उद्या येच, म्हणालो, आणि येताना मीठ आण. ती म्हणाली, बॅग भरून ठेवताय ना. हो म्हणालो.
एक बटाटा उकडला. तसाच खाल्ला. पातेलं सोड्याने घासलं. लख्ख निघालं.