सुभेदार हॉलमध्ये येत नाही

९ नोव्हेंबर, रविवार
सुभेदार आज उठताना अडखळला. पुढचे पाय आधी उठले, मागचे थोड्या वेळानं. थंडी सुरू झाली, त्यामुळे असणार. माझेही गुडघे सकाळी असेच मागून येतात. शिवाय जर्मन शेफर्डसाठी सहा वर्षं म्हणजे पोक्त वय.
प्रेमलता म्हणाली, दिवाळीत नव्या टाइल्स बसल्या तेव्हापासून तो असा जपून चालून राहिला. तिला खडबडीत टाइल्स हव्या होत्या. मी चकचकीत घेतल्या. खाली पाहिलं की छताचा पंखा दिसतो. हा वाद दिवाळीआधीच मिटलेला आहे.

१२ नोव्हेंबर
सुभेदार हॉलमध्ये घसरला. पाणी सांडलं असावं. मला दिसलं नाही, पण या टाइल्सवर पाणी दिसतच नाही, हाच तर त्यांचा गुण.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बुटीबोरीच्या मिलमधून लवकर निघालो. (सुपरवायझर एक दिवस लवकर निघाला तर कापड काही फाटत नाही.) सुभेदारला धरमपेठेत डॉ. भैरवी मॅडमना दाखवलं. एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हे जन्मापासून असतं, म्हणाल्या. मी लगेच लिहून घेतलं : जन्मापासून. म्हणजे दिवाळीपासून नाही.
पण त्या पुढे बोलत राहिल्या. सांधा पहिल्यासारखा होणार नाही, पण जपलं तर कुत्रा बरीच वर्षं चालेल. वजन उतरवा. जिना बंद, उड्या बंद. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चालवा, गवतावर. मग विचारलं, घरी फरशी कशी आहे? मी म्हणालो, चांगली आहे. फोटो आहे का? मोबाइलमध्ये टाइल्सचे पुष्कळ फोटो आहेत, सगळे दाखवले. मॅडमनी सगळे पाहिले. मग म्हणाल्या, तो जिथं जिथं वावरतो तिथं रबरी मॅट टाका, आजच.
घरी प्रेमलताला वजन, गोळ्या, जिना, चालणं, सगळं सांगितलं. मॅटचं राहून गेलं. सगळं एकदम सांगितलं की माणूस घाबरतो.

१६ नोव्हेंबर
टाइमटेबल केलं. पहाटे उठणे. सुभेदारसह मैदान. पोळी बंद. माझाही चहा बिनसाखरेचा, त्याला सोबत म्हणून. टाइमटेबल फ्रिजवर लावलं. फार छान दिसतं.

१७ नोव्हेंबर
उठलो नाही. सुभेदारही उठला नाही. दोघांची संमती होती.

१९ नोव्हेंबर
आज चाललो. पोह्याच्या ठेल्यापर्यंत. तिथं गवत नाही, पण मातीचा रस्ता आहे. सुभेदारनं माझ्या प्लेटकडे असं पाहिलं की घास उतरेना. त्याला वरची तेलकट तर्री दिली नाही, वजनाला वाईट. कोरडे पोहे दिले. शिस्त.

२३ नोव्हेंबर, रविवार
मॅट पाहून आलो. काळे, भोकाभोकांचे. आमच्या मिलच्या बाथरूममध्ये असतात तसे. पुढच्या रविवारी प्रेमलताचा भाऊ बाबूलाल उमरेडहून खास टाइल्स बघायला येणार आहे. तो गेला की लगेच टाकतो. आठवड्याचाच प्रश्न आहे.
प्रेमलतानं मोबाइलवर काहीतरी वाचलं. विचारत होती, डॉक्टर फरशीबद्दल काही बोलल्या का? मी म्हणालो, तसं स्पष्ट काही नाही.
मग बराच वेळ ‘स्पष्ट’ या शब्दावर विचार केला. शब्द बरोबर आहे असं ठरवलं. जेवण मात्र गेलं नाही.

२५ नोव्हेंबर
प्रेमलतानं आपल्याच मनानं हॉलमध्ये जुन्या सतरंज्या अंथरल्या. सुभेदार त्यांच्यावरूनच चालतो, नदीतल्या दगडांवरून चालावं तसा. चांगला चालतो. मला बरं वाटायला हवं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार
लिहू नये असं वाटतं. पण रोजनिशी आहे.
प्रेमलता स्वयंपाकात होती. मी सतरंज्या गुंडाळून ठेवल्या. तासाभराचाच प्रश्न होता. बाबूलालनं फाटकाशी हॉर्न दिला. सुभेदारला बाबूलाल फार आवडतो. तो धावला. हॉलच्या मधोमध त्याचे मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना गेले आणि तो खाली बसला. ओरडला. सहा वर्षांत त्याचा तो आवाज मी ऐकला नव्हता. पुढच्या पायांनी माझ्याकडे सरकायला लागला, आणि पाय पुन्हा घसरले.
बाबूलाल दारात आला. मी तेव्हाही त्याला म्हणालो, पाय पुसून या. का म्हणालो, माहीत नाही.
तो म्हणाला, “भाऊजी, कुत्र्याकडं पाहा ना.”
सतरंजीतच घालून गाडीत ठेवला आणि प्रेमलतासह मॅडमकडे नेला. हाड मोडलं नाही. स्नायू ताणला आहे, सांध्याला सूज आहे. पूर्ण विश्रांती. पहिल्यासारखा चालेल का, हे मॅडम आत्ता सांगू शकत नाहीत. मॅडमनी प्रेमलताला विचारलं, मी सांगितलेले मॅट टाकले नव्हते का?
प्रेमलतानं माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रे पाहत होतो. एक्स-रेतलं मला काही कळत नाही.

२ डिसेंबर
प्रेमलता कामापुरतंच बोलते. मॅटचं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. आता ते उत्तर मलाच ऐकू येतं आणि चांगलं वाटत नाही.

६ डिसेंबर
काळे मॅट आणले. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर. पंखा आता कुठंच दिसत नाही. घर मिलसारखं दिसतं.
सुभेदारला बाहेर न्यायचं तर पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरावा लागतो. ते काम मी मागून घेतलं. नीट करतो आहे. प्रेमलतानं टॉवेल कसा धरायचा ते आज पुन्हा दाखवलं.

२० डिसेंबर
टॉवेलशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लंगडतो, पण गेला. वजनही बरंच उतरलं. मिलमध्ये सगळ्यांना माझा डाएट प्लॅन समजावून सांगितला. त्याची वाटी प्रेमलता मोजून भरते, हा तपशील त्यांना सांगण्यासारखा नव्हता.

२८ डिसेंबर, रविवार
सुभेदार हॉलमध्ये येत नाही. पोर्चच्या सिमेंटवर बसतो, मागच्या दारानं स्वयंपाकघरात येतो, पण हॉलच्या उंबऱ्यावर थांबतो. मॅट टाकून तीन आठवडे झाले. त्याला कळलेलं नाही, असं माझं मत होतं. म्हणून आज समजावून द्यायचं ठरवलं. हातात गाजर घेतलं आणि त्याच्या देखत चारही पायांवर (म्हणजे माझ्या) हॉलभर फिरलो. पाहा, घसरत नाही. पाहा रे.
त्यानं एक पंजा मॅटवर ठेवला. वास घेतला. पंजा उचलून घेतला.
मी म्हणालो, आता तर मॅट आहे ना गा, काहून येत नाहीस?
प्रेमलता दारात उभी होती. महिनाभरात पहिल्यांदाच कामाशिवाय बोलली. “तुम्हाले त्यानं माफ केलं असंल. फरशीले नाही केलं.”
मी विचारलं, आणि तू?
ती म्हणाली, आधी उठा.
प्रयत्न केला. गुडघा अडकला होता. तिनं टॉवेल आणला.