डब्याच्या काठाला लावलेलं चुंबक

बाबा, तो स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. ठाण्याच्या कारखान्यात धातू तपासायची नोकरी मला लागली म्हणून तुम्ही जव्हारहून आणलेला, झाकणावर माझं नाव आणि खाली 'बाबांकडून' असं कोरून घेतलेला. पहिल्या सुट्टीत मी खोडाळ्याला आले ती पर्समध्ये लोहचुंबक आणि डोक्यात महिनाभराचं शहाणपण घेऊन. भरपूर निकेल घातलेलं स्टील सहसा गंजत नाही आणि चुंबकाला चिकटत नाही, एवढंच शिकले होते. काका चहा पीत बसलेले. तुम्ही कौतुकाने डबा पुढे करता आणि मी काठाला चुंबक लावते. ते हलकंसं चिकटतं. मी हसते. "फसवलं तुम्हाला बाबा. यात निकेल नाहीच. गंजेल हा."

"तो नाय गं फसवायचा मला," तुम्ही म्हणालात. जव्हारला गेलात की त्या भांड्यांच्या दुकानदाराकडे घटकाभर बसल्याशिवाय तुम्ही परतत नव्हतात.

"माणूस खोटं बोलेल, चुंबक नाही." अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तुम्ही गेलात, भर दुकानात त्याला लबाड म्हणालात आणि डबा घेऊनच परतलात. "नाव घातल्यालं भांडं कोन परत घेतंय?" एवढंच बोललात. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाहीत.

दोन वर्षांनी आमच्या साहेबांनी निकेलच्या स्टीलचा पत्रा वाकवून दाखवला. सपाट जागी चुंबक धरेना, वाकवलेल्या जागी चिकटलं. पत्रा ओढून-ताणून भांडं घडवलं की काठाला असं होतं, धातू तोच असतो. जेवण मी तुमच्याच डब्यात न्यायचे; सुट्टीत त्याच्या सपाट बुडाला चुंबक लावलं. नाही चिकटलं. पुन्हा लावून पाहिलं. तेव्हा तुम्ही हयात होतात, बाबा. दिवाळीत सांगणार होते, पण मोखाड्याच्या बाजारात तुम्ही भेटेल त्याला सांगत होतात, "आमची बाय नुसती बघून धातू वळखते." मला ते ऐकायला आवडत होतं. लाज वाटते लिहिताना.

तुमच्या दहाव्याला तो दुकानदार आला. निघताना म्हणाला, "पोरी, तो डबा टिकला का गं?" मी म्हणाले, "हरवला." ठाण्याहून आणलेला डबा आत चुलीपाशी होता. त्यातलीच साखर घालून मी त्याला चहा दिला होता.

हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं. तो अजून त्याच दुकानात बसतो, पत्ताही ठाऊक आहे. पण तो उत्तर देईल. म्हणून तुम्हाला लिहिते.